गंगथडीची वाचनयादी

यंदा वाचायच्या पुस्तकांची यादी मी गोदावरीच्या धारेनं लावली आहे. पैठणला सुरुवात, आणि नांदेड ओलांडून धर्माबादच्या पुढं नदी तेलंगणात शिरते तिथं शेवट. या पट्ट्यात, आमच्या बोलीत गंगथडीला, दोन हजार वर्षांत जे रचलं, गायलं, वाद घालून मांडलं गेलं, त्यातलं मला एका वर्षात पेलेल तेवढंच घेतलं आहे. काठापासून लांबची एक-दोन नावं आहेत, ती का आली ते पुढं येईलच.

वर्ष धरलंय पाडवा ते पाडवा. माझं कृषी सेवा केंद्र परभणी-गंगाखेड रस्त्यावरच्या एका गावात आहे, आणि आमच्याकडं साल पाडव्यालाच बदलतं. सालगड्याची बोली पाडव्याला होते, बटईनं दिलेली रानं पाडव्याला परत येतात, मीही उधारीची वही तेव्हाच नवी करतो. जानेवारीत ज्वारी हुरड्यात असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. उभ्या पिकात नवं वर्ष लागलं हे मनाला पटत नाही. शिवाय पाडव्यापासून मृगापर्यंत दुकानात गिऱ्हाईक कमी. दुपारी शटर अर्धं ओढायचं, दारात ओलं बारदान टांगायचं, मग ऊन उतरेपर्यंत कोणी येत नाही. वर्षातलं सगळ्यात जाड पुस्तक काढायचं ते याच दिवसांत.

नदीच का, ते सांगायला हवं. डिसेंबर सरत आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत वर्षभरातल्या चांगल्या पुस्तकांच्या याद्या येतात. त्या मी आवडीनं वाचतो, त्यातलं काही विकतही घेतो. पण त्याच वर्तमानपत्रांत आमचा भाग येतो तो टँकर, पीकविमा आणि आत्महत्या एवढ्यापुरता. त्यात खोटं काही नाही. त्या बातम्यांतली माणसं माझ्या उधारीच्या वहीत आहेत. मात्र इथली पोरं ‘आपला भाग मागास’ एवढंच ऐकत मोठी होतात, याचं मला फार वाईट वाटतं. मराठीला २०२४ च्या ऑक्टोबरात अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी जे पुरावे मांडले गेले त्यांत पैठणच्या गाथासप्तशतीचं नाव अगदी पुढं होतं. पैठण आमच्या कालव्याचं मुख. जायकवाडीचा डावा कालवा तिथून निघून परभणी जिल्ह्यापर्यंत येतो, त्याच्या पाळीवर माझं निम्मं गिऱ्हाईक रब्बी करतं. पाणी जिथून येतं तिथूनच दोन हजार वर्षांपूर्वीची कविताही येते, आणि पाण्याच्या पाळीची तारीख तोंडपाठ असलेल्या माणसाला त्या कवितेची एक ओळ ठाऊक नाही. ही तूट निदान माझ्यापुरती यंदा भरून काढायची आहे.

तर पहिलं नाव गाथासप्तशतीचं. स. आ. जोगळेकरांनी केलेली १९५६ सालची मराठी आवृत्ती, तिच्या भल्यामोठ्या प्रस्तावनेसकट. सातवाहन राजा हालानं महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथा एकत्र केल्या. ग्रंथाच्या आरंभीच सांगितलंय, की कोटीभर गाथांतून या सातशे निवडल्या. कोटी हा आकडा अलंकारानं आला असेल, पण काय ठेवायचं आणि काय सोडायचं या प्रश्नाशी एक राजा पैठणात बसून झुंजला, हे यादी करणाऱ्या माणसाला मोठा धीर देणारं आहे.

अधूनमधून चाळताना नववी गाथा वाचली होती, तेव्हापासून हे पुस्तक सलग वाचायचं मनात आहे. साळीची शेतं पिकून पांढरी पडायला लागली म्हणून एक बाई मान खाली घालून रडते आहे. तिची सखी तिला म्हणते, रडतेस कशाला, पिवळ्या हरताळाच्या रंगानं तोंड रंगवलेल्या नटीसारखी सणाची वाडी उभी आहेच की. गाथा एवढीच. साळ उभी होती तोवर तिच्या आडोशाला भेटता येत होतं. आता कापणी होणार, रान उघडं पडणार, म्हणून रडणं. आणि सखीचा सल्ला असा, की शेजारी सण फुलला आहे, तिकडं जा.

सण म्हणजे आमचा ताग. पहिल्या पावसाआधी मी त्याच्या पिशव्या मागवतो. हिरवळीच्या खतासाठी लोक पेरतात, फुलोऱ्यात आला की नांगरून गाडतात. दीड-दोन महिन्यांत माणूस आत शिरला तर दिसणार नाही एवढा वाढतो, दाट आणि सरळसोट, आणि शेंड्याला पिवळीजर्द फुलं. किती किलो बी लागेल, कधी गाडायचा, नत्र किती मिळतं, हे सगळं मी गिऱ्हाइकाला न चुकता सांगतो. त्याच्या उंचीचा हाही उपयोग कवीनं दोन ओळींत बसवून ठेवला आहे. त्या कवीनं तागाचं रान बांधावर उभं राहून पाहिलं होतं, यात मला शंका नाही. फुलोरा कोणत्या महिन्यात, साळ कधी पांढरी पडते, दोन्हींचा मेळ कसा बसतो, सगळं बरोबर आहे. सातशे गाथांत अशी किती पिकं, किती हंगाम आहेत ते एका वहीत टिपत जायचं ठरवलंय. दिवसाला दहा-बारा गाथा धरल्या तर मृगापर्यंत होतं.

रोहिण्या संपत आल्या की वाचन गुंडाळावंच लागतं. जून आणि निम्मा जुलै म्हणजे बियाणं, खतं, रांगा, आणि पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणून प्रत्येकाला विनवणं. आभाळ भरून आलं की माणूस ऐकत नाही. मग पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणीला तोच माणूस उधारीवर पिशवी मागायला येतो, तेव्हा त्याला काय बोलणार. त्या दिवसांत जाड पुस्तक उघडलं तरी डोळे ओळीवरून नुसते फिरतात. म्हणून तिथं लीळाचरित्र ठेवलंय. चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांना आणि इतर शिष्यांना विचारून, फिरून, ताडून या आठवणी गोळा केल्या. तेराव्या शतकातलं हे गद्य आहे, आणि एकेक लीळा इतकी आटोपशीर, की बिल करून पिशवी गाडीवर चढेपर्यंत एक वाचून होते. वाक्यं छोटी, बोलल्यासारखी. पैठणच्या मुक्कामातल्या लीळा आधी घ्यायच्या, बाकीच्या जमतील तशा.

याच दिवसांत शेगावची पालखी परभणीवरून गंगाखेडला येऊन परळीकडं जाते. गंगाखेडला पालखी आली की आईला घेऊन जावंच लागतं, आणि गंगाखेड म्हटलं की जनाबाई. अभंगांची गाथा घरात आहे. ती ओळीनं वाचायचा माझा बेत आईला सांगितला तर ती म्हणाली, “जनीचं पुस्तक काय वाचायलास? ती म्हणायची असती.” तिचं खरं आहे. जात्यावर बसून आई जे म्हणायची त्यात जनी आणि विठ्ठल दळण दळायला असायचेच, आणि त्यातली कोणती ओळ जनाबाईची, कोणती आजीची, कोणती आईनं स्वतः जुळवलेली, हे तिलाही वेगळं काढता येत नाही. म्हणून यादीत एक नाव असं आहे ज्याला छापील पान नाही: आईच्या ओव्या. रात्री जेवणं झाली की फोनवर ध्वनिमुद्रण करायचं आणि रविवारी वहीत उतरवायचं. जातं माळवदाच्या जुन्या खोलीत पडून आहे. हातात खुंटा आल्याशिवाय आईला पुढची ओळ आठवत नाही, म्हणून आधी ते ओसरीवर आणून बसवणार आहे.

हे काम मोठ्या प्रमाणावर कसं होतं ते पाहायला मिळालं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत खेडोपाडी फिरून एक लाखावर ओव्या जमवल्या. त्यांत आमच्या शेजारच्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या आहेत. त्या मी मोबाइलवर ऐकल्या. जनीनं ज्या जात्यावर विठ्ठलाला हाक मारली त्याच जात्यावर या बाया भीमरायाला दळणात घेऊन बसल्या आहेत, चाल तीच. आषाढात जनाबाई आणि माजलगावच्या ओव्या शेजारीशेजारी ऐकायच्या, असं मी वहीत लिहून ठेवलंय.

श्रावणात नाथ. एकनाथी भागवताला अठरा हजारांवर ओव्या आहेत, त्या एका महिन्यात नुसत्या डोळ्यांखालून घालण्यात अर्थ नाही. मी एकच अध्याय निवडलाय, तेविसावा. त्यात अवंतीचा एक धनवान ब्राह्मण आहे, शेती आणि व्यापारावर जगणारा, महाकंजूष. सगळं धन जातं, घरचे पाठ फिरवतात, आणि मग तो भिक्षू होऊन आपल्या दुःखाचं मूळ शोधत बसतो. लोक त्याला छळतात आणि तो म्हणतो, माझ्या सुखदुःखाला ही माणसं कारण नाहीत, देव नाहीत, ग्रह नाहीत, माझं मन कारण आहे. शेती आणि व्यापार यांच्या मधोमध बसून रोज पैसे मोजणाऱ्यानं हे सावकाश वाचायला हवं. सोबत भारुडं आहेतच. त्यांत हिंदू-तुर्क संवाद नक्की, मोठ्यानं, घरात सगळ्यांसमोर.

नाथांविषयी आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. हाती येणाऱ्या ज्ञानेश्वरीच्या प्रती चुकांनी भरलेल्या होत्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी त्या ताडून शुद्ध प्रत तयार केली, आणि शेवटी बजावलं, की या ग्रंथात जो आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजा. स्वतः एवढा मोठा कवी, पण दुसऱ्याच्या ग्रंथाशी काम करताना आपली एक ओळ घुसडली नाही. ज्ञानेश्वरी मात्र यादीत नाही, कारण ती घरात रोज चालू असते. आणि जांबच्या समर्थांना यंदा जागा झाली नाही.

सप्टेंबरात अनंत भालेरावांचं ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’. १७ सप्टेंबरला गावात झेंडावंदन होतं, भाषण होतं, मुलं घरी जातात. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा निघाल्या आणि १७ ला निजामानं शरणागती दिली, एवढं भाषणात येतं. त्याआधीची दहा वर्षं येत नाहीत. भालेराव स्वतः त्या लढ्यातले, पुढं ‘मराठवाडा’चे संपादक. गावोगावची नावं माहीत असलेल्या माणसानं लिहिलेला हा इतिहास आहे. तो मी आमच्या शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलांसोबत वाचणार आहे. मुख्याध्यापकांनी शनिवारचा एक तास द्यायचं कबूल केलंय.

मग सोयाबीन. काढणी, मळणी यंत्र, मोंढ्यातल्या ट्रॅक्टरच्या रांगा, आणि माल घरात यायच्या वेळेला नेमका पडलेला भाव. ऑक्टोबरात गिऱ्हाईक उधारी द्यायला येतं ते माल विकल्याची पट्टी हातात धरून येतं, आणि कितीदा त्या पट्टीकडं दोघांनाही बघवत नाही. या महिन्यासाठी मी नदीचा नियम मोडला आहे. भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ ही कथा मांजरा नदीकडच्या मातीतली, तरी ती याच वेळी वाचायची. बाजारात टोमॅटोला कोणी विचारत नाही, आणि शेवटी बाप तो सगळा माल पायांखाली तुडवतो. पीक बदललं, बाजार समितीची इमारत नवी झाली, पण त्या बापाला मी दर हंगामात मोंढ्यात बघतो. तिच्या जोडीला परभणीचे आसाराम लोमटे. त्यांच्या ‘आलोक’ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आजच्या गावातलं राजकारण, पुढारी, जमीन, जात, आणि त्यात अडकलेला साधा माणूस लोमट्यांच्या कथेत जसा दिसतो तसा मला दुकानाच्या बाकड्यावर दिसतो. पुरस्काराची बातमी आमच्याकडं सगळ्यांनी वाचली. कथा वाचलेली माणसं अजून कमी आहेत. ‘आलोक’च्या दोन प्रती मी दुकानात ठेवणार आहे. खताची गाडी यायला उशीर झाला की बाकड्यावरची माणसं तास-तास बसून असतात.

दिवाळीनंतर गहू-हरभऱ्याची पेरणी आटोपली की रात्री मोठ्या होतात, आणि आमच्या भागात खरी बैठक मारून वाचायचे दिवस येतात. तिथं बी. रघुनाथ आणि नरहर कुरुंदकर. बी. रघुनाथ १९१३ साली परभणी जिल्ह्यातल्या सातोन्यात जन्मले, निजामाच्या राज्यात कारकुनी केली आणि १९५३ मध्ये चाळिशीतच गेले. राज्यकारभाराची भाषा उर्दू, मराठी छापायची-वाचायची सोय तुटपुंजी, आणि हा माणूस परभणीत बसून कविता, कथा, कादंबऱ्या लिहीत होता. परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे, तिथं मी बियाणे कंपन्यांच्या आणि इतर किती कार्यक्रमांचे फलक बघितले असतील. ‘आडगावचे चौधरी’ आणि ‘जगाला कळले पाहिजे’ ही दोन्ही पुस्तकं या हिवाळ्यात वाचून संपवायची.

कुरुंदकरांसाठी जानेवारी आणि निम्मा फेब्रुवारी. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात ते शिकवायचे. १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादेत व्यासपीठावरच गेले, तेव्हा पन्नाशीही पूर्ण झाली नव्हती. ‘जागर’मधला एक लेख एका आठवड्याला, जास्त नाही. त्यांच्या वादाची रीत मला शिकायची आहे: समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्याहून नीट मांडायचं, आणि मगच त्याला उत्तर द्यायचं. गावात आता भांडणं मोबाइलवर होतात, कोणी कोणाचं वाक्य पूर्ण होऊ देत नाही. लेख वाचून झाला की त्यातलं मला न पटलेलं एक पान भरून लिहायचं, आणि न पटलेलं काही सापडलं नाही तर लेख पुन्हा वाचायचा.

शेवटचं नाव सिराज औरंगाबादी. अठराव्या शतकातला उर्दू शायर. हे नाव यादीत येण्याचं कारण घरातल्या एका पत्र्याच्या पेटीत आहे. आजोबांचे जमिनीचे कागद तीत आहेत, सगळे उर्दूत, वर फसली साल. त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो, एवढंच मला कळतं. आजोबा उर्दूतून शिकले. मराठी ते घरात बोलायचे, पोथी वाचायचे, आणि दरबारी कागद उर्दूत वाचायचे-लिहायचे. वडिलांच्या शाळेपर्यंत राज्य बदललं होतं. एका पिढीत घरातून एक लिपी निघून गेली, आणि आज माझ्या आजोबांची सही मला वाचता येत नाही. हे मला सहन होत नाही. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात निजामकाळच्या नोंदी शोधायला माणसं तहसिलात हेलपाटे घालत होती, तेव्हा कितीतरी जण कागद घेऊन दुकानात यायचे आणि विचारायचे, कोणी वाचणारं आहे का. वाचणारे थोडे होते, आणि सगळे म्हातारे.

आमच्या गावात उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक सर आहेत, माझे जुने गिऱ्हाईक. पाडव्यापासून रोज संध्याकाळी अर्धा तास द्यायला ते तयार झालेत. मी त्यांना सिराजचं नाव सांगितलं तर हसले आणि म्हणाले, “पैले दादा का नाम लिखना सीखो, शेर बाद में देखेंगे.” तसंच करायचं. वर्षभर लिपी, पेटीतले कागद, आणि हात बसला की फाल्गुनात सिराज. छत्रपती संभाजीनगरातून वाहणारी खाम नदी पुढं नाथसागराला, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयालाच मिळते, त्यामुळं तोही गंगथडीचाच म्हणायला हरकत नाही. पुढच्या पाडव्याला त्याच्या एका तरी गझलेचा मतला, म्हणजे पहिला शेर, मला मूळ लिपीत वाचता यायला हवा.

पुस्तकं मिळवणं हा वेगळा उद्योग. तालुक्याच्या वाचनालयात बी. रघुनाथांची एकच प्रत आहे, ती संदर्भ विभागात, घरी मिळत नाही. ग्रंथपाल म्हणाले परभणीहून दुसरी मागवू. जोगळेकरांची गाथा संभाजीनगरच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आली, मलपृष्ठ नाही पण पानं पूर्ण आहेत. भालेरावांचं पुस्तक नांदेडला असलेल्या मेहुण्यांना सांगितलंय.

यादी ज्या वहीत आहे तिच्या मागच्या पानावर दुसरी सुरू झाली आहे. धर्माबादच्या पुढं कंदकुर्तीला मांजरा गोदावरीला मिळते. तिथून उलटं वर चढत गेलं की उदगीर-लातूरचा मुलूख लागतो, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ आणि रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ तिथली. आणखी वर अंबाजोगाईला दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी, आणि शके १११० मधला मुकुंदराजांचा विवेकसिंधू. लातूरच्या मित्राला फोन केला, त्यानं ‘पाचोळा’ काढून ठेवलीय. पासोडी बघायला अंबाजोगाईला सोबत येतो म्हणाला, पण तूर निघाल्यावर.